वजन उतरतंय, पण मन थकलंय: लांब पल्ल्याच्या डाएटमध्ये स्वतःला कसं सांभाळायचं

गेल्या वर्षीच्या जूनमधला रविवार. बाहेर धो धो पाऊस, मासेमारी बंद, म्हणून जेवायला सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, खोबरं घातलेली किसमूर. मी ओट्यापाशी उभी राहून माझ्या वाटणीचं ओलं खोबरं छोट्या वजनकाट्यावर मोजत होते. काट्यावर २३ ग्रॅम दिसत होते आणि चार्टमध्ये १५ लिहिले होते. चमच्याच्या टोकाने ते जास्तीचे आठ ग्रॅम काढता काढता मला रडू फुटलं. खोबऱ्यासाठी कोण रडतं? पण मी रडत होते. सासूबाई आत आल्या, त्यांनी काटा उचलून माळ्यावर ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "आज पुरे गो. जेव आधी."

तेव्हा डाएटला नऊ महिने झाले होते. ८६ किलोंवरून मी ७४ वर आले होते. फोंड्यात ओळखीचं कोणी भेटलं की "कितें गो, बारीक जाल्या मगे!" म्हणायचं आणि मी हसायचे. आतून मात्र अगदी विटले होते. त्या रविवारनंतर मी जे वाचलं, डॉक्टरांना जे विचारलं आणि घरात जे करून पाहिलं, ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पण या टप्प्यावर अडकलेल्या किती जणी आणि किती जण एकटेच कुढत असतात, ते मला आता माहीत आहे.

पायरी १: नुसता कंटाळा आहे की थकवा, ते आधी पाहा

कंटाळा सगळ्यांनाच येतो. चार दिवस सलग दुधीची भाजी खाल्ली की पाचव्या दिवशी नको वाटते, आळसाण्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक केलं की कंटाळा जातो. थकवा असा पदार्थ बदलून जात नाही.

माझी लक्षणं सांगते. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार जेवणाचा, आणि तोही हिशेबाचा. फोंडा ते पणजी बसमध्ये बसले की आख्खा प्रवास कॅलरींच्या बेरजा. मुलीने साधं काही विचारलं तरी खेकसणं. बारशाचं आमंत्रण आलं की आनंद व्हायच्या आधी पोटात गोळा. अंगाला सारखी थंडी, आणि रात्री सगळे झोपल्यावर हळूच डबे उघडणं. यातलं एखादं कधीमधी झालं तर हरकत नाही. यातलं बरंचसं रोज होत असेल, तर त्याला थकवाच म्हणायचं.

खात्री करण्यासाठी सात दिवस एक वही ठेवा. रोज झोपायच्या आधी चार गोष्टींना १ ते ५ गुण द्या: झोप किती बिघडली, चिडचिड किती झाली, भूक किती लागली, आणि दिवसभरात जेवणाचा विचार किती वेळ डोक्यात घोळला. वजन या वहीत लिहायचं नाही. सातपैकी चार दिवस बहुतेक आकडे ४ किंवा ५ येत असतील, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. हे मोजमाप माझं घरगुती आहे, पण मला त्याने स्वतःशी खरं बोलायला लावलं.

पायरी २: "माझ्यातच दम नाही" हे म्हणणं बंद करा

ही पायरी सोपी वाटते, पण मला सगळ्यात जास्त वेळ हिलाच लागला.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज या संशोधकाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला होता. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे त्यातून शिकायचं होतं. हे तरुण स्वखुशीने आले होते. त्यांना २४ आठवडे रोज सुमारे १६०० कॅलरी दिल्या आणि भरपूर चालायला लावलं. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शाने उतरलं. पण मला हलवून टाकलं ते त्यांच्या मनाच्या वर्णनाने. ही धडधाकट माणसं दिवसरात्र अन्नाबद्दल बोलायला लागली, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली, ताटल्या चाटायला लागली. चिडचिडी झाली, उदास झाली, मित्रांना टाळायला लागली. प्रयोगाआधी त्यांच्यात असं काही नव्हतं.

१६०० हा आकडा पुन्हा एकदा वाचा. माझ्या जिमवाल्याने दिलेला चार्ट १२०० चा होता, आणि तो मी नऊ महिने पाळला होता.

शरीराला आपण बारीक व्हायला निघालोय की दुष्काळ पडलाय, हे कळत नाही. चरबी उतरली की लेप्टिन हे पोट भरल्याची खबर देणारं संप्रेरक कमी होतं आणि घ्रेलिन हे भूक लावणारं संप्रेरक वाढतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की वजन उतरल्यावर वर्ष लोटलं तरी ही संप्रेरकं पूर्ववत झालेली नसतात आणि भूक वाढलेलीच राहते. म्हणजे नवव्या महिन्यात तुम्ही पहिल्या महिन्यापेक्षा जास्त भूक सोसत असता, आणि तरी स्वतःला आळशी म्हणत असता. असं करू नका. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: "मला भूक लागते कारण माझं शरीर त्याचं काम करतंय."

पायरी ३: रक्त तपासून घ्या

मनाचा थकवा समजून आपण ज्याला कुरवाळत बसतो, तो कधी कधी रक्तातला असतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि साखर, एवढं बघून घ्या. माझं हिमोग्लोबिन खाली गेलं होतं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर जिने चढताना येणारी धाप महिन्याभरात कमी झाली. वजन भराभर उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, तेही डॉक्टरांना सांगा. पाळी चुकत असेल तर नक्की सांगा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खाण्यात कमी-जास्त करण्याआधी डॉक्टरांना विचारायचंच, कारण खाणं बदललं की डोसही बदलावा लागतो.

पायरी ४: डाएटला ठरवून सुट्टी द्या

या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. आपण सुट्टी घेतली नाही, तर शरीर ती कधीतरी मध्यरात्री हिसकावून घेतं. मग डबा रिकामा होतो, दुसऱ्या दिवशी उपास, तिसऱ्या दिवशी पुन्हा डबा. त्यापेक्षा दोन आठवड्यांची सुट्टी आधीच कॅलेंडरवर मांडून ठेवा.

सुट्टी म्हणजे काय? दोन आठवडे वजन कमी करायचं नाही, आहे तेवढं राखायचं. ही मोकाट खाण्याची सुट्टी नव्हे. मी माझ्या १२०० मध्ये साधारण ५०० कॅलरी वाढवल्या. कॅलरींच्या भाषेत हे फार वाटतं, पण ताटात असं दिसलं: दुपारी शिजलेल्या भाताची एक वाटी जास्त, म्हणजे सुमारे २००. सकाळी एक केळं, सुमारे १००. दोन चमचे ओलं खोबरं, सुमारे ५०. आणि संध्याकाळी ऑफिसातून निघण्याआधी मूठभर शेंगदाणे, सुमारे १७०. बस. मासे, अंडी, मूग, ताक हे सगळं होतं तेवढंच ठेवलं. चालणं होतं तेवढंच ठेवलं. तिन्ही जेवणांच्या वेळा ठरलेल्या.

वजनकाट्यावर या दोन आठवड्यांत उभं राहायचं नाही. कारण काटा वर जाणार आहे, आणि तो का वर जातो ते समजून घेतलं नाही तर माणूस घाबरून सुट्टी मोडतो. भात वाढला की यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन साठतं, आणि त्याच्या एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. पंधराव्या दिवशी माझं वजन १.३ किलो वाढलेलं दिसलं. त्यातलं जवळपास किलोभर पुढच्या आठवड्यात आपोआप गेलं. चरबीचा एक किलो वाढायला सुमारे ७७०० कॅलरी जास्तीच्या पोटात जाव्या लागतात. माझ्या केळ्याने आणि शेंगदाण्यांनी ते होणं शक्यच नव्हतं.

याला आधारही आहे. ऑस्ट्रेलियात टास्मानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी लठ्ठपणा असलेल्या ५१ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाने सलग १६ आठवडे डाएट केलं. दुसऱ्याने दोन आठवडे डाएट, दोन आठवडे सुट्टी असं करत डाएटचे तेवढेच १६ आठवडे भरले, सुट्ट्या धरून एकूण ३० आठवडे. सुट्टी घेणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं. पुढे २०२१ मध्ये व्यायाम करणाऱ्या लोकांवर असाच प्रयोग झाला, त्यात दोन्ही गटांची चरबी सारखीच उतरली, पण सुट्टी घेणाऱ्यांना भूक कमी जाणवली. म्हणजे सुट्टीने वजन जादूने उतरेल असं मी म्हणणार नाही. भूक आणि मन ताळ्यावर येतं, आणि आपल्याला तेच तर हवं आहे.

सुट्टी कधी घ्यायची? माझं स्पष्ट मत आहे की गोव्यात राहणाऱ्या माणसाने चवथीत, म्हणजे गणपतीत, डाएट करूच नये. घरात माटोळी बांधलेली, हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा वास, खतखतं, मुगागाठी, नेवऱ्यांचे डबे, घराघरांत आरत्या. अशात कोपऱ्यात काकडी खात बसलं की जे गमावतो ते वजनकाट्यावर कधीच दिसत नाही. म्हणून पहिली सुट्टी चवथीला. पुढची डिसेंबर-जानेवारीत, जत्रा आणि नाताळ धरून. मग शिमग्याला, आणि चौथी मे महिन्यात, आंबे आणि लग्नं असतात तेव्हा. साधारण दर दोन-तीन महिन्यांनी एक. मात्र आत्ता वहीत ४ आणि ५ दिसत असतील, तर सणाची वाट बघू नका, येत्या सोमवारपासून घ्या.

पायरी ५: रोजचे निर्णय कमी करा

माणूस उपाशी राहून जेवढा थकतो, तेवढाच सारखं ठरवून ठरवून थकतो. हे खाऊ का, किती खाऊ, त्याऐवजी ते खाल्लं तर? माझ्या मोबाइलमधलं कॅलरी मोजायचं ॲप मी काढून टाकलं. खोबरं आता त्याच एका चमच्याने घेते, भात त्याच एका वाटीने, हुमण (माशांची आमटी) त्याच एका डावाने. चूक होते, पण ती रोज सारखीच होते, त्यामुळे बिघडत नाही.

न्याहारीचे दोनच प्रकार ठरवा. माझ्याकडे एक दिवस उकड्या तांदळाची पेज आणि मुगाची उसळ, दुसऱ्या दिवशी दोन अंडी आणि एक उंडो (गोव्याचा गोल पाव). दुपारी अर्धं ताट भाजी, एक वाटी भात, मासे किंवा शिवराक (शाकाहारी) दिवशी कडधान्य. ऑफिसातल्या संध्याकाळच्या भजी-पावाचा रोजचा तंटा मी असा मिटवला: बुधवारी खायचं, बाकीच्या दिवशी विचारायचंच नाही. बुधवार ठरलेला असला की मंगळवारी मन हट्ट करत नाही.

झोपेचंही इथेच सांगते. शिकागोत २००४ मध्ये १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर घ्रेलिन २८ टक्के वाढलं आणि लेप्टिन १८ टक्के उतरलं. पहाटे पाचला उठून चालायला जाण्यासाठी झोप तोडत असाल, तर आठवड्यातले काही दिवस ते चालणं संध्याकाळी न्या.

पायरी ६: लोकांशी काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवा

आपल्याकडे शरीराबद्दल बोलणं म्हणजे आपुलकी समजतात. राग धरण्यात अर्थ नाही, पण उत्तर तयार असावं. वहिनी ताटात दुसरी पातोळी वाढायला आल्या की मी म्हणते, "वहिनी, एक आवडीने खाल्ली. दुसरी डब्यात द्या, उद्या चहाबरोबर खाईन." आणि खरंच दुसऱ्या दिवशी खाते. ऑफिसातल्या मैत्रिणीला मी शांतपणे सांगितलं, "माझ्या वजनाचं नको गं काढू, दिवसभर तेच डोक्यात असतं." तिला वाईट वाटलं नाही, उलट तिने स्वतःची कहाणी सांगितली.

घरातल्या एका माणसाला विश्वासात घ्या. मी नवऱ्याला सांगितलं की "आज काय काय खाल्लंस?" असं मला विचारायचं नाही, "दमलीस का?" असं विचारायचं.

पायरी ७: घसरलात, तर पुढचं जेवण वेळेवर जेवा

१९७५ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग चव बघण्याच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम खायला दिलं. ज्या डाएटच्या धाकात नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या सतत स्वतःला आवरत होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. आता मोडलंच आहे तर मोडू दे, असा तो हिशेब असतो. हा हिशेब मला पाठ आहे.

एका रात्री मी उभ्याउभ्या तीन नेवऱ्या खाल्ल्या. पूर्वी मी दुसऱ्या दिवशी न्याहारी टाळली असती आणि दुप्पट चालले असते. त्या वेळी मी सकाळी पेज घेतली, नेहमीएवढीच, नेहमीच्या वेळी. चालणंही नेहमीएवढं. मग वहीत लिहिलं की त्याआधी काय झालं होतं. दुपारी एकला जेवले होते आणि रात्री नऊपर्यंत पोटात चहाशिवाय काही नव्हतं. दोष नेवऱ्यांचा नव्हता, त्या आठ तासांचा होता. शेंगदाण्यांची मूठ मी सुट्टी संपल्यावरही ठेवली ती म्हणूनच.

पायरी ८: जेवणाबाहेर काहीतरी हवं

डाएट लांबलं की आयुष्य ताटाएवढं होऊन जातं. यावरचा उपाय आपल्या गोव्यातच तपासला गेला आहे. संगाथ या इथल्या संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्य असलेल्या लोकांसोबत एक साधी पद्धत वापरली: डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी माणसाला मन रमेल, अर्थ वाटेल अशी छोटी कामं ठरवून करायला मदत करायची. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले, आणि लोकांना बरं वाटत होतं. या पद्धतीतली मला पटलेली गोष्ट अशी की मन लागेपर्यंत थांबायचं नाही. वेळ ठरवायची, काम करायचं, मन मागून येतं.

मी लहानपणी पेटी शिकले होते. ती कपाटावर धूळ खात होती. मंगळवार आणि शुक्रवार, रात्री आठ वाजता, वीस मिनिटं, असं वहीत लिहिलं. पहिल्या दिवशी बोटं चालेनात आणि भात्यातून हवा सुटत होती. तिसऱ्या आठवड्यात सासूबाई बाहेर येऊन बसल्या आणि एक जुना अभंग धरला. तुमच्यासाठी ते मिरामारला मैत्रिणीबरोबर बसणं असेल, गावच्या नाटकाची तालीम असेल, बागेत अबोलीची रोपं लावणं असेल. आठवड्यात दोन वेळा, घड्याळ लावून.

कधी थांबायचं आणि कोणाकडे जायचं

काही गोष्टींत वही आणि सुट्टी पुरत नाही. खाल्लेलं मुद्दाम ओकून टाकणं, जुलाबाची औषधं घेणं, थांबवता येत नाही असं खाणं आठवड्यातून वारंवार होणं, दोन आठवड्यांहून जास्त सलग उदास वाटणं, जगावंसं न वाटणं. यातलं काहीही असेल, तर डाएट लगेच बाजूला ठेवा. बांबोळीला गोमेकॉजवळ (गोवा मेडिकल कॉलेजजवळ) मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. जीवाला धोका वाटला तर १०८ लावा. "लोक काय म्हणतील" म्हणून बांबोळीला जायचं टाळणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून टाळू नका.

पायरी ९: पुन्हा सुरुवात, किंवा इथेच थांबणं

सुट्टी संपली की पुन्हा वहीचे सात दिवस भरा. आकडे २-३ वर आले असतील तर हळू सुरू करा. वाढवलेल्या ५०० पैकी २०० ते ३०० च कमी करा, मूळच्या चार्टवर परत जाऊ नका. आठवड्याला वजनाच्या अर्धा टक्का उतरलं तरी पुष्कळ झालं. माझ्या ७४ किलोंना ते चारशे ग्रॅमच्या आसपास होतं. आकडे अजून ४-५ असतील, तर सुट्टी आणखी दोन आठवडे वाढवा.

आणि स्वतःला एक प्रश्न विचारा: अजून उतरवायची गरज आहे का? मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी साखर आणि रक्तदाबात फरक पडतो. माझ्या चार्टवर शेवटचा आकडा ६२ लिहिलेला होता. तो कुठून आला होता, ते मला जिमवाल्यानेही कधी सांगितलं नव्हतं. सतराव्या महिन्यात मी ६९ वर होते, साखर आणि रक्तदाब ठीक होते, जिने चढताना धाप लागत नव्हती. डॉक्टरांना विचारलं, "इथे थांबले तर?" त्या म्हणाल्या, "थांबा. हे राखा."

ओट्यावरचा काटा अजून माळ्यावरच आहे. काल किसमूर केली होती. खोबरं दोन चमचे घेतलं.